दाराशी तीन काठ्या

१

सुहास उतेकर हा जळका माणूस होता. हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि ज्याच्या टपरीवर तो दिवसातून चारदा चहा प्यायचा त्या चंदूलाही ठाऊक होतं. आपण ते बेमालूम लपवलंय, असं फक्त सुहासला वाटायचं. महाडच्या कोर्टासमोर त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या भांडणांच्या प्रती काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या फोनकडे तिरक्या नजरेनं बघायचं, हा त्याचा नेम.

बायको अनुपमा बिरवाडीच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बोट ठेवावं असं तिच्यात त्याला काही सापडलं नव्हतं, आणि तेच त्याला सलत होतं. सापडला होता तो एक फोटो. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. बारा वर्षांपूर्वीची अनुपमा, उन्हानं रापलेली, मागे उघडाबोडका डोंगर, आणि ती तोंड भरून हसतेय. नऊ वर्षांत सुहाससमोर ती अशी एकदाही हसली नव्हती. बरं, हसताना ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेरा धरणाऱ्याकडे बघत होती.

"कोणी काढला हा?" त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"ऋत्विकनं असेल. कॉलेजचा ग्रुप होता आमचा, आठ जणांचा. वरंध ते पोलादपूर, डोंगरानं."

ऋत्विक त्या ग्रुपचा म्होरक्या. आता तो पुण्यात होता, दोन मुलींचा बाप, पोट सुटलेला. हे सगळं सुहासला ठाऊक असायचं कारण त्यानं ऋत्विकचा नंबर मिळवून 'पेपर सप्लायर' या नावानं फोनमध्ये ठेवला होता आणि दर आठवड्याला तो त्याचे नवे फोटो बघायचा. फोन मात्र कधी केला नव्हता.

यंदा जानेवारीच्या शेवटी कोर्टाला जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा त्यानं जाहीर केलं, आपण दोघांनी तीच वाट चालायची. चार दिवस, वरच्या धनगरवाड्यांवर मुक्काम करत. जुन्या शिक्क्यावर नवा शिक्का मारला की जुना वाचता येत नाही, एवढं साधं गणित त्याच्या डोक्यात होतं. ती वाट आपली झाली की ते हसणंही आपलं होईल. नाहीतर हा संसार असाच, दोन शहाण्या भाडेकरूंसारखा चालत राहील, याची त्याला मनापासून भीती वाटायला लागली होती.

"तुम्हाला झेपणार नाही," अनुपमा म्हणाली.

"तुला झेपली, मग मला का नाही?"

ती थोडा वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "तसं नाही. ती वाट... जाऊ दे. जाऊ या."

ती वाट काय, हे त्यानं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हिला ऋत्विक आठवतोय, असं समजून तो घुश्श्यात सॅक भरायला लागला.

पहिल्या एसटीनं ते वरंधला उतरले. हातात महाडच्या बाजारातून घेतलेल्या दोन सारख्या काठ्या. सुहास पुढे, अनुपमा मागे. तासाला एक विसावा, विसाव्याला दोन घोट पाणी आणि चिक्कीचा एक तुकडा. कारवीच्या झुडपांतून वाट, मग वाळल्या गवताचा माळ, मग पुन्हा कारवी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांत खुपली. विसाव्याला अनुपमा कातळाच्या अगदी मधोमध बसायची, आणि तो शेजारी टेकायला गेला की म्हणायची, "या बाजूला बसा ना." दर वेळी उजवी बाजू. डावीकडची जागा तशीच राहायची. तिकडून ऊन लागत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. चौथ्या विसाव्याला ऊन उजवीकडे होतं.

२

बनुबाईच्या वाड्यावर ते दुपार कलताना पोचले. तीन घरं, दोन गोठे, दहाबारा म्हशी आणि शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. वरच्या वाड्यांवर एक रीत आहे. पाहुण्यानं काठी घरात न्यायची नाही, दाराबाहेर भिंतीला टेकवायची. चुलीपुढची बाई मान वळवून काठ्या किती ते बघते आणि तेवढी ताटं मांडते. कोण आलं, कुठून आलं, ही चौकशी जेवणं झाल्यावर.

अनुपमा पाय धुवायला झऱ्यावर गेली. बनुबाई दारात आली आणि पाठमोऱ्या अनुपमाकडे बघत राहिली. सत्तरीची असेल, पण नजर घारीची.

"ही आलेली हाय पयली," ती म्हणाली. "लगीन नवंच हुतं तवा तुमचं."

सुहासनं बुटाची नाडी सोडता सोडता हात थांबवला. "आठ जण होते ना तेव्हा?"

"आठ कुठले? दोगं. नवरा-बायको, आनि कोन?" बनुबाईनं चवड्यांवर उभं राहून वळचणीत हात घातला आणि एक जुनी बांबूची काठी बाहेर ओढली. धुरानं काळी झालेली, मूठ मात्र लखलखीत. "ही घे रे बाबा, तुजी काठी. हितंच इसरून गेलास. काठी ऱ्हायली म्हंजी मानूस परत येनार, म्हनून जपून ठेवली."

सुहासच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ जण म्हणे. दोघंच होते, आणि तेही नवरा-बायको म्हणून. एखाद्या शहाण्या माणसानं त्याच वेळी सांगितलं असतं की आजी, ही काठी माझी नाही, त्या वेळी हिच्याबरोबर मी नव्हतो. पण आपल्या बायकोबरोबर दुसराच कुणी इथे राहून गेलाय, हे डोंगरातल्या एका म्हातारीला कळावं, याची सुहासला इतकी लाज वाटली की तो चटकन म्हणाला, "हो. माझीच."

बनुबाईनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बदललास रे."

"बारा वर्षं झाली आजी."

"तसं नाय. तवा तू उंबऱ्याच्या आत येत नव्हतास. ही किती बोलावायची, तरी भायेरच बसून जेवलास." तिनं काठी त्याच्या हातात दिली. "आता आत येतोस, बरं झालं."

त्यानं ती काठी भिंतीला टेकवली. दिवे लागायच्या आत जेवणं मांडली गेली, तेव्हा चुलीपुढे तीन ताटं होती.

"आजी, आम्ही दोघंच. तिसरी काठी ती जुनी," सुहास हसत म्हणाला.

"मांडलेलं ताट उचलत नाय," बनुबाई म्हणाली, आणि नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं तिन्ही ताटांत सारखं वाढलं.

अनुपमा यावर हसेल, निदान काही बोलेल, असं त्याला वाटलं होतं. ती मधल्या ताटावर बसली आणि मुकाट्यानं जेवायला लागली. जेवून हात धुवायला बाहेर गेली तेव्हा दाराशी क्षणभर थांबली. तिनं जुन्या काठीच्या मुठीवर तळवा ठेवला, खांद्यावर ठेवावा तसा. सुहासनं ते आतून पाहिलं. त्या घटकेला त्याला ऋत्विकचा गळा दाबावासा वाटला.

सकाळी तिसरं ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं. वाड्यावर कुत्रं होतं. सुहासनं ते कुत्रं मुद्दाम जाऊन पाहिलं. रात्रभर ते गोठ्यात साखळीला होतं, पण साखळ्या सुटतात.

३

जुनी काठी बनुबाईनं निघताना त्याच्या हातात कोंबलीच. दोन काठ्या घेऊन चालणं अडचणीचं असतं, त्यातली एक दुसऱ्याची असली तर फारच. दहाच्या सुमाराला अनुपमा बाटल्या भरायला कातळातल्या पाण्याच्या टाक्याकडे वळली. सुहास कड्याच्या टोकाशी गेला आणि त्यानं ती काठी होती तेवढी ताकद लावून दरीत भिरकावली. ती दोनतीनदा कातळावर आपटली. मग आवाज थांबला. तळाशी पडल्याचा आवाज काही आला नाही. पण दरी खोल होती, खाली झाडी होती. त्याला बरं वाटलं. एवढं बरं त्याला महिनोन्महिने वाटलं नव्हतं.

"ती काठी?" अनुपमानं परत आल्यावर विचारलं.

"टाकली. ओझं कशाला वागवायचं?"

तिनं दरीकडे पाहिलं. रागावली नाही, चिडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

पुढचे दोन तास वाट सपाट होती, कड्याच्या कडेकडेनं. सुहास पुढे चालत होता. त्याची काठी टेकली की टक् व्हायचं, मागून अनुपमाच्या काठीचं टक्. मग आणखी एक टक्, थोडं उशिरा, थोडं जड. उजवीकडे उंच कातळभिंत होती. आवाज उलटून येणारच. भिंत संपली आणि माळ लागला. माळावर आवाज उलटून कुठून येणार, याचा तो विचार करत होता, तेवढ्यात अनुपमाचा आवाज आला.

"हळू रे," ती म्हणत होती. मग थोडं थांबून, "नाही रे, ते झाड तेव्हा नव्हतं." आणि मग ती हसली.

सुहास गर्रकन वळला. दहा पावलांवर ती एकटी येत होती. चेहऱ्यावर हसू अजून होतं, फोटोतलं.

"कोणाशी बोलतेस?"

"तुमच्याशीच."

"मी एक शब्द बोललो नाही तासाभरात."

"असं काय करता? मघापासून बोलताय की." ती खरोखरच चकित झाली होती.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. सुहासला राग आला. नऊ वर्षं ती त्याला अहो म्हणत आली होती. लग्नानंतर त्यानं दोनतीनदा सुचवलं होतं, सुहास म्हण, अरे म्हण, आता कोण असलं पाळतं? ती म्हणायची, तोंडात बसत नाही. आणि आता ते कसं सहज बसलं होतं, हळू रे, नाही रे. त्या 'रे'साठी सुहासनं आपलं दुकान दिलं असतं.

४

मालोजींच्या वाड्यावर पोचायला साडेपाच वाजले. पायाला फोड आला म्हणून सुहास मागे पडला होता. वाड्याच्या अंगणात शिरल्यावर त्यानं आधी दाराकडे पाहिलं. कालपासून त्याची नजर काठ्यांकडेच जात होती.

दाराशी दोन काठ्या होत्या. एक अनुपमाची, नवी. दुसरी धुरानं काळी, लखलखीत मुठीची.

तो तिथेच उभा राहिला. डोंगरात सगळ्या काठ्या सारख्याच, त्यानं मनाशी म्हटलं. ही मालोजींची असेल, चुलीच्या धुरात ठेवली की बांबू काळा पडणारच. पण काठीच्या टोकाला ओला पाला लागलेला होता. वर माळावर एवढा ओला पाला नव्हता. दरीच्या तळाशी असतो. त्यानं आपली काठी तिसरी म्हणून टेकवली आणि तो आत गेला.

मालोजी पन्नाशीचे, गप्पिष्ट. मुलगा मुंबईत रिक्षा चालवतो, तो आला की चार हिंदी शब्द टाकून जातो, असं कौतुकानं सांगत होते. त्यांची बायको गोदूबाई ताटं मांडत होती. तीन. अनुपमा मधोमध बसली होती. सुहास तिच्या डावीकडच्या ताटावर बसायला वाकला.

"आँ, थितं नको," गोदूबाई म्हणाली. "हिकडं बस की, जागा हाय."

तो उजवीकडच्या ताटावर बसला. गोदूबाईनं अनुपमाला वाढलं, डावीकडच्या ताटात वाढलं, आणि सगळ्यात शेवटी त्याला. मालोजींनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता अनुपमाला विचारलं, "ह्यो कोन? वाटाड्या का?"

सुहासनं उचललेला घास परत ताटात ठेवला. अनुपमा हसली. "काय हे मामा. हे मिस्टर माझे."

मालोजींनी आधी डावीकडच्या ताटाकडे पाहिलं, मग सुहासकडे. कोर्टात साक्षीदार खोटं बोलला की पट्टेवाले एकमेकांकडे बघतात, तसं त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"आसंल," ते म्हणाले आणि ताक ओतायला लागले.

सुहासनं त्या डावीकडच्या ताटावर नजर रोखून धरली. जेवण संपेपर्यंत हलवायची नाही असं ठरवलं. भाकरी होती, पिठलं होतं, कांदा होता. काही हललं नाही. मग गोदूबाईनं त्याला ताक हवं का विचारलं, त्यानं मान वर करून नको म्हटलं, आणि परत पाहिलं तेव्हा भाकरीचा चतकोर नव्हता. अनुपमानं घेतला असेल. तिच्या ताटात तो दिसत नव्हता, पण तिनं खाल्लाही असेल.

५

तिसऱ्या दिवशी ते मोठ्या पठारावर चढले. गवत जळून गेलेलं, सगळीकडे काळी राख आणि तिच्यातून वर आलेला तांबडा कातळ. झाड नाही, पाणी नाही. दुपारच्या उन्हात ते पठार तापल्या तव्यासारखं झालं होतं. राखेत पावलांचे ठसे छान उमटत होते. सुहासनं मागे वळून एकदा ते पाहिले आणि नंतर पाहिले नाहीत.

पठाराच्या मधोमध फोनला रेंज आली. पिशवीतल्या पिशवीत टिंगटिंग व्हायला लागलं. अनुपमा पुढे जाऊन एका कातळावर बसली, मधोमध. सुहास मुद्दाम मागे राहिला आणि त्यानं 'पेपर सप्लायर'ला फोन लावला. ज्याच्यावर नऊ वर्षं मनातल्या मनात दात खाल्ले, त्याचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकणार होता.

"हॅलो, कोण?"

"मी सुहास उतेकर. महाडहून. अनुपमाचे मिस्टर."

"अरे वा. नमस्कार. कशी आहे ती? किती वर्षं झाली बोलणं नाही." मागे कुणी लहान मुलगी पाढे म्हणत होती. आवाज मोकळा होता, लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचा.

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"घरी. पुण्यात. का हो?"

"काही नाही. बारा वर्षांपूर्वी तुम्ही वरंध ते पोलादपूर ट्रेक नेला होता. तुम्ही आणि अनुपमा."

"नेणार होतो. आदल्या दिवशी बाइकवरून पडलो, पाय प्लास्टरमध्ये. रद्द केला सगळा ट्रेक. अनुपमा फार भडकली होती, म्हणाली मी एकटी जाते. गेलीही बहुतेक." तो थांबला. "खरं सांगू? परत आल्यावर ती आमच्यात फारशी मिसळली नाही. आम्हाला वाटलं, राग धरला असेल. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," सुहास म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ज्या माणसाचा त्यानं नऊ वर्षं हेवा केला, तो माणूस या डोंगरात कधी आलाच नव्हता. खरं तर त्याचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. पुण्यातल्या पोट सुटलेल्या माणसाचा राग करता येतो, त्याचा फोटो बघून नाव ठेवता येतं. आता राग कोणाचा करायचा?

तो कातळापाशी गेला. अनुपमा संत्रं सोलत होती.

"त्या वेळी तुझ्याबरोबर कोण होतं?"

तिनं फोडी मोकळ्या केल्या. "तुम्हीच बनुबाईंना सांगितलंत ना, मी होतो म्हणून."

सुहासनं हातातला फोन खिशात टाकला.

"त्यांनी मला सांगितलं काल सकाळी. म्हणाल्या, तुजा मालक आता आत येतो, चांगलं झालं. मी गप्प बसले. म्हटलं, तुम्हाला तसं हवं असेल तर तसं."

"पण होतं कोण?"

"नऊ वर्षं मी वाट बघत होते, तुम्ही हे नीट विचाराल म्हणून. पहिल्या वर्षी मी ऋत्विकचं नाव घेऊन वेळ मारून नेली, तर तुम्ही ऋत्विक ऋत्विक करून टोमणे मारलेत, पण परत विचारलं नाहीत. तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मला कुणाला तरी सांगायचंच होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. "आता नाही सांगता येणार."

"का?"

"आता तुम्ही हो म्हणून बसलात. तुम्हीच त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंत."

तिनं अर्ध्या फोडी त्याच्या हातावर ठेवल्या. उरलेल्या तिनं खाल्ल्या नाहीत. कातळावर डावीकडे ठेवल्या आणि उठली. सुहासनं त्या उचलून राखेत फेकल्या, बुटानं चिरडल्या, आणि तो तिच्या मागे निघाला. इतके दिवस तो पुढे चालत होता. आता ती थांबेना.

तो मुक्काम पठाराखालच्या एका रिकाम्या गोठ्यात झाला. त्या गोठ्याला दार नव्हतं, त्यामुळे काठ्या टेकवायचा प्रश्न आला नाही.

६

चौथ्या दिवशी सकाळी सावित्री नदीच्या खोऱ्यातून धुकं वर आलं होतं. खाली कुठेतरी हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटची एक आडवी वाट, डोंगराच्या अंगाला चिकटून गेलेली, पाऊल ठेवण्यापुरती. ती पार केली की तासाभराची उतरण आणि पोलादपूरचा रस्ता. सुहासनं रात्री जागून एक निश्चय केला होता. खाली पोचलो की सगळं मिटवायचं. टोमणे बंद. फोटो राहू दे कपाटात. दुपारच्या गाडीनं महाडला जायचं, चंदूकडे दोघांनी मिळून चहा प्यायचा. ती त्याला अहो म्हणेल, म्हणू दे.

"मी पुढे होते," अनुपमा म्हणाली आणि आडव्या वाटेवर चढली.

डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर. सुहास चार पावलं मागे होता. त्याची काठी टेकत होती. तिची टेकत होती. दोघांच्या मधली टेकत होती. त्यानं न ऐकल्यासारखं केलं. एवढी वाट संपू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

मध्यावर वाट तुटली होती. पावसाळ्यात माती गेली होती, हातभर अंतर लांब टांग टाकून जायचं होतं. अनुपमानं टांग टाकली, पलीकडे पाय रोवले, उजव्या हातानं कारवीचा बुंधा धरला आणि मागे न बघता डावा हात मागे केला.

"दे," ती म्हणाली.

सुहासला भरून आलं. तो घाईनं पुढे सरकला. त्यानं हात लांब केला तेव्हा त्याच्या आणि तिच्या बोटांत दोन पावलांचं अंतर होतं, आणि तिची बोटं मिटली.

हवेवर मिटलेली मूठ तळव्यापर्यंत जाते. ही गेली नाही. काहीतरी जाड धरल्यासारखी ती अर्ध्यावर थांबली. बोटांची पेरं पांढरी पडली, अंगठ्याजवळची कातडी दाबली गेली. दोघांमधल्या वाटेवर कुणी नव्हतं. कडेचं गवत मात्र आडवं पडत होतं, एका मागोमाग एक, टाचेखाली पडावं तसं.

"अनु, मी नव्हतो तो," सुहास म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "मी खोटं बोललो तिथे. ती काठी माझी नव्हती. मी नव्हतोच."

कड्यानं ते सगळं परत ऐकवलं. अनुपमानं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"ओरडू नका," ती हळू म्हणाली. "त्याचा पाय घसरेल."

सुहासला मागे टायफॉइड झाला होता, तेव्हा ती सतरा दिवस उशाशी बसली होती. तेव्हासुद्धा या आवाजात ती बोलली नव्हती. नऊ वर्षं साठवलेलं जे काही होतं ते त्याच्या छातीतून वर आलं. भीतीला तिथे जागाच उरली नाही. घसरू दे की, त्याला वाटलं. जाऊ दे एकदाचा. त्यानं श्वास भरून घेतला आणि जीव खाऊन ओरडला, "सोड त्याला."

वाटेची कड ढासळली. मातीचा हातभर तुकडा आवाज न करता खाली गेला, आणि अनुपमाचा डावा हात खांद्यापासून खाली खेचला गेला. ती गुडघ्यांवर आपटली, मग पोटावर. कारवीचा बुंधा मुळासकट उपटून तिच्या हातात आला. सुहासनं टांग कधी टाकली त्याचं त्यालाच कळलं नाही. तो वाटेवर आडवा पडला आणि त्यानं तिचा उजवा हात पकडला. तिनंही बुंधा टाकून त्याचं मनगट धरलं, घट्ट. ती घसरायची थांबली.

खांद्यापर्यंतचा तिचा डावा हात कडेखाली होता. सुहासनं मान लांब करून खाली पाहिलं. धुकं होतं. धुक्यात तिचं मनगट दिसत होतं, आणि मनगटाभोवती बोटं. माणसाचीच होती. नखांत राख होती. त्याखालचं त्याला बघवलं नाही.

"अनु, मी धरलंय तुला," तो धापा टाकत म्हणाला. "दोघांचं वजन नाही पेलणार. एक हात सोड."

तिनं वर त्याच्याकडे पाहिलं. चेहरा ताणानं लाल झाला होता, पण घाबरलेली ती दिसत नव्हती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याकडे इतकं नीट बघत होती.

"सोडते," ती म्हणाली, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं सुहासच्या मनगटावरून एकेक करून सुटायला लागली.